जीपमधल्या माणसांचं वजन

हारून,

अठरा वर्षं चाललेलं आपलं भांडण मागच्या मंगळवारी मी जिंकलो. पातूर ते अकोला, तुझ्याच जीपनं, बेचाळीस मिनिटं. मी कागदावर लिहून दिलं होतं तेवढीच. तू असतास तर म्हणाला असतास, "कागदी घोडे एखांद्या रोजी धावतेत मास्तर, रोज नाई." आणि वर माझ्याकडेच चहा मागितला असतास, जसा काही हरणारा मीच.

पण त्या बेचाळीस मिनिटांत कुठेतरी तू गेलास. नेमका कुठे ते मला सांगता येत नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होतो.

जिंकण्यासाठी मी काय केलं ते तुला सांगायचं राहिलं आहे. तुझ्या बायकोला, नसीमभाभीला, मी जीपमधून उतरवलं. तुला हे सांगू शकणारा माणूस त्या वेळी मी एकटाच होतो आणि मी नेमकं उलटं सांगितलं. म्हणून आज लिहायला बसलोय. खाली अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीचे वर्ग सुटलेत, पोरापोरींच्या गाड्यांचा नुसता कल्ला आहे. तुला या गॅलरीत तासभर बसवलं असतं तर कोणत्या गाडीचा क्लच गेलाय आणि कोणाचं ऑइल संपलंय, याची यादी तू न बघता करून दिली असतीस. मला सगळे आवाज सारखेच ऐकू येतात.

मुळात ते घड्याळच नडलं. आपल्याकडच्या पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, वेळ मोजायला मला बसवायचे. मी अकोल्याच्या तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवणारा, शनिवार-रविवार गावी येणारा, आणि सेकंदाचा दहावा भाग दाखवणारं घड्याळ गावात माझ्या एकट्याच्याच गळ्यात. त्याची मला घमेंडही होती, नाही कशाला म्हणू. त्या वर्षी शेवटची जोडी धावली, धूळ खाली बसली, आणि तू तुझी जीप घेऊन पटावर उभा राहिलास. मूळची पेट्रोलची गाडी, तिच्या पोटात तू मोडीतल्या टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं होतंस. रंग बदामी, म्हणून गावानं तिला बैलाचं नाव देऊन टाकलं होतं, हरण्या.

"मास्तर, बैल मोजतं तसा माया हरण्या मोज. साठ घोडे हायेत याच्यात. लिहून घे."

आपण एका बाकावर शिकलो. सातवीनंतर तू गॅरेजमध्ये गेलास, मी कॉलेजात, आणि तेव्हापासून तू मला "मास्तर" म्हणताना त्यात थोडा मान आणि बरीच चेष्टा असायची. मला चेव आला. एका जुन्या इंग्रजी मासिकात मी एक सूत्र वाचलं होतं. गाडीचं वजन घ्यायचं, घोड्यांच्या, म्हणजे हॉर्सपॉवरच्या, आकड्यानं भागायचं, आलेल्याचं घनमूळ काढायचं आणि एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. उभी गाडी निघून चारशे मीटर जायला किती सेकंद घेईल ते मिळतं. उलटीकडून गेलं तर सेकंदांवरून घोडे मिळतात. वजन तू कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर आधीच करून आणलं होतंस, चौदाशे किलो. पटाच्या पुढचं पडीक रान धरून मी टेपनं चारशे मीटर आखले, पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि निशाण पडताच घड्याळ दाबलं.

कागद म्हणाला बावीस सेकंद. घड्याळ म्हणालं सत्तावीस.

मी तिथेच बोनेटवर कागद ठेवून उलटं गणित केलं आणि चारचौघांत जाहीर केलं, "हारून, तुझ्या गाडीत एकतीसच घोडे आहेत." तुझा चेहरा मला आजही दिसतो. मिस्त्री माणसाला त्याच्या इंजिनावरून बोलणं म्हणजे आईवरून बोलण्यासारखंच. तीन आठवडे तू माझ्याशी बोलला नाहीस. माझ्या स्कूटरचं काम आलं तर भावाच्या, युसुफच्या हातात पाना द्यायचास आणि स्वतः पाठ करून बसायचास.

मग सलूनमध्ये दाढी करताना मला कळलं की त्या दिवशी जीपमध्ये तुझ्याशिवाय नऊजण होते. मी त्या टोकाला, मध्ये धुळीचा लोट, मला काही दिसलं नव्हतं, आणि मी गाडीजवळ पोचेपर्यंत सगळे उड्या मारून उतरले होते. तसाच अर्ध्या दाढीनं गॅरेजवर आलो.

"नऊ माणसं होती हे काहून सांगितलं नाहीस?"

"तू इचारलं काय? तू इचारलं गाडीचं वजन किती. म्या गाडीचं सांगतलं. मानसाचं कोन इचारते?"

"अरे, पण एकट्यानं का नाही पळवलीस?"

"एकट्यानं पट मारतेत काय कोनी? ज्याचा बैल धावते त्याच्या मांगं सारा गाव धावते. पोट्टे चढले, आता कोनाले नाई म्हनू?"

नऊ माणसं धरून पुन्हा गणित केलं तेव्हा त्रेचाळीस घोडे निघाले. तू म्हणालास, बाकीचे सतरा कुठे गेले? मी म्हणालो, थोडे मातीनं खाल्ले, थोडे गिअरनं, आणि उरलेले तुझ्या जुन्या डिझेल पंपात बसून आहेत. त्या सतरा घोड्यांवर आपण कितीतरी उन्हाळे काढले. मुद्दा कधी मिटला नाही आणि दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. पुढे दरवर्षी पहिल्या तासाला मी पोरांना हेच गणित घालायचो. सगळे झटपट उत्तर काढायचे, एकतीस. मग मी विचारायचो, "गाडीत माणसं किती होती?" पोरं वहीत शोधायला लागायची. "ते आधी विचारा," असं सांगून मी फळा पुसायचो. नोकरीत मी जे थोडंफार खरं शिकवलं, त्यातलं निदान एवढं तुझं होतं. तुझं नाव मात्र मी वर्गात कधी घेतलं नाही.

आणि शिकवणारा मी, तेच विसरलो.

हरण्या पेशंट न्यायला लागला तो कोणी ठरवून नाही. त्या वर्षांत फोन केला की येणारी गाडी नव्हती, आणि दिवस वाईट होते. कपाशीवर काय काय फवारावं लागायचं, आणि फवारणारा माणूस पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या तोंडावर चालायचा. कोणाला साप चावायचा, कोणाला भोवळ यायची, कोणी तेच औषध आपल्या हातानं तोंडाला लावायचं, त्याबद्दल गाव हलक्या आवाजात बोलायचं. गॅरेज अकोल्याच्या रस्त्यावर, म्हणून माणसं तुझ्याकडे पळत यायची. तू हातातला पाना टाकायचास, हात पुसायला थांबायचा नाहीस. स्टिअरिंगवर ऑइलचे डाग असायचे ते त्यामुळेच.

पहिल्यांदा मी तुझ्याबरोबर आलो तो शेतात निंदणाऱ्या एका बाईच्या वेळी. साप चावलेला, दुपारी बाराचं ऊन. बाईबरोबर तिचा नवरा, सासू, दीर, जाऊ, जिच्या शेतात ती होती ती मालकीण, आणि बाकी कोण कोण. आपण दोघं धरून तेरा माणसं झालो. एक्कावन्न मिनिटं लागली. बाई वाचली. परत येताना मी खिशातून कागद काढला, कारण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. तुझा रस्ता म्हणजे एक सरळ शर्यत नाही हारून, मी म्हणालो, दर खड्ड्याला आणि दर गतिरोधकाला गाडी उभी राहते आणि पुन्हा निघते. म्हणजे तुझा हरण्या पातूरपासून अकोल्यापर्यंत पन्नासदा पट मारतो, आणि दर वेळी पाठीवर वऱ्हाड घेऊन. पेशंट, एक नातेवाईक आणि चालवणारा, एवढेच असले तर बेचाळीस मिनिटांत पोचशील.

"आन् बाकीच्याइचं काय करू? रस्त्यात उतरवू?"

"एसटीनं येतील मागून."

तू एक खड्डा चुकवलास. मग म्हणालास, "मास्तर, तू कधी मरून राहिलेला मानूस पाह्यला काय जवळून? तो आपल्या मानसाचे आवाज मोजत असते. कोन हाये, कोन नाई. त्याचं ते एकच काम चालू असते."

मी म्हणालो, ही काही मोजण्याची पद्धत नव्हे.

हट्टानं मी एक पाटी रंगवून आणली. मागच्या फळीवर, जिथे पाय देऊन चढतात तिथेच ती बसली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. "रुग्ण व एक नातेवाईक." तू हसत हसत स्वतः स्क्रू पिळलेस. त्यानंतर लोक त्या पाटीवर पाय देऊनच चढायला लागले. "नातेवाईक" या शब्दावरचा रंग वर्षभरात उडाला. दरवर्षी पोळ्याच्या आधी मी तो पुन्हा भरायचो आणि तू म्हणायचास, "रंगव, रंगव, पाय घसरत नाई त्याच्यानं."

तरी गावातल्या वच्छलाबाईच्या लेकाच्या वेळी मी खरंच चिडलो होतो. विशीतला, फवारणी करता करता पडला. चौदाजण चढले. अर्ध्या रस्त्यात मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि गाडी बाभळीखाली एका अंगावर बसली. दुसरी गाडी मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. पोरानं दवाखान्याच्या दारात जीव सोडला. त्या आठवड्यात मी गॅरेजवर येऊन तुला सरळ म्हणालो की चौदा माणसं नसती तर पाटा तुटला नसता, आणि पाटा तुटला नसता तर तो जगला असता. हातच्या कांकणाला आरसा कशाला पाहिजे? तू पाटा बदलत होतास. मान वर केली नाहीस. एवढंच म्हणालास, "होय मास्तर. पाटा माया होता. कमजोर होता."

नेहमीसारखा उलट बोलला असतास तर मला बरं वाटलं असतं. त्यानंतर तू एक पाटा जास्तीचा घातलास, पण माणूस मात्र एकही कमी केला नाहीस. मला वाटायचं, हा माणूस भिडस्त आहे, याला नाही म्हणता येत नाही, आणि याच्या भिडेपायी कोणाचा तरी जीव जाईल. हे मी कितीजणांना बोलून दाखवलं असेल, देव जाणे.

पुढे पट बंद झाले. पडीक रानात बोरी माजल्या. मी निवृत्त होऊन लेकीजवळ अमरावतीला आलो आणि आपलं भांडण फोनवर चालू राहिलं. त्या मंगळवारच्या दोन दिवस आधी, रविवारी, तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज पोरासारखा झाला होता.

"मास्तर, पंप नवा बसवला. इंजिन सारं खोललं व्हतं. सतराच्या सतरा घोडे परत आले. घड्याय घेऊन ये."

"माणसं किती घेशील?"

"एकटाच पयवतो बावा. तुया मनासारखं. एकडाव तुले राजी करतो, मंग जाजो आपल्या राजापेठेत."

सोमवारी संध्याकाळी आलो. मंगळवारी सकाळी साडेनऊला गॅरेजवर पोचलो, गळ्यात घड्याळ, खिशात टेप. हरण्या धुऊन पुसून उभा होता. तू चाकाचे नट आवळत होतास. आवळता आवळता खाली बसलास. मला वाटलं बसून आवळतोय. मग तुझ्या कपाळावरचा घाम दिसला आणि छातीवर धरलेला हात.

"मास्तर, पंप त बदलला," तू म्हणालास, "आतला बी बदला लागते काय?"

तेवढ्या कळेत तुला हे सुचलं. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम.

तुझ्या पुतण्यानं, इमराननं, जीप चालू केली. आम्ही तुला मागच्या बाकावर आडवं केलं. तोवर घरातून भाभी धावत आली, युसुफ, त्याची बायको, समोरचा चहावाला, पंक्चर काढायला आलेले दोघं. सगळे चढायला लागले. आणि मी, हारून, मी मागच्या फळीजवळ उभा राहून दोन्ही हात पसरले. "एकही नको! कोणी चढायचं नाही! वेळ महत्त्वाचा आहे!" युसुफला मी खांद्याला धरून खाली ओढलं. भाभीचा एक पाय पाटीवर होता, एक हात दांडीला. "भाभी, उतरा. तुम्ही चढलात की सगळे चढतील. मला प्रथमोपचार येतो, मी आहे त्याच्याजवळ. तुम्ही मागून या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती वाद घालू शकली असती. पण शिकलेल्या माणसाचं ऐकावं, हे तूच घरात अठरा वर्षं सांगत आला होतास, "मास्तर म्हनते त खरंच असन" म्हणून. तिनं पाय खाली घेतला.

गाव सुटलं तेव्हा तू डोळे मिटूनच विचारलंस, "नसीम?"

"समोर बसली आहे," मी म्हणालो, "इमरानजवळ."

तू वळून पाहिलं नाहीस. तेवढी ताकद नव्हती. पण तू ऐकत होतास, ते मला आता कळतं. इमराननं तिसरा गिअर टाकला आणि गाडी लगेच उचलली. पहिला गतिरोधक आला, आणि मागचे पाटे, जे नेहमी म्हाताऱ्यासारखे कण्हायचे, ते काही बोलले नाहीत. तू म्हणालास, "गाडी हलकी चालून राहिली, मास्तर."

मला वाटलं तू मला मान दिलास. शप्पथ सांगतो, क्षणभर मला तसंच वाटलं. मी म्हणालो, "बघ, सांगत होतो ना," आणि घड्याळाकडे पाहिलं. त्यानंतर तू काही बोलला नाहीस. मला वाटलं पडून आहेस.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि म्हणाले की अर्ध्या रस्त्यातच गेले असावेत, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी कठीणच होतं. माझं घड्याळ बेचाळीसवर थांबवलेलं होतं. ते मी कधी दाबलं ते आठवत नाही.

परत आलो तेव्हा सगळ्यांनी मला घेरलं, शेवटी काय बोलला म्हणून. मी म्हणालो, अल्लाचं नाव घेतलं. लोकांना बरं वाटलं. युसुफ माझ्या गळ्यात पडून रडला. कब्रस्तानात मी तुला तीन मुठी माती दिली आणि तीनही वेळा तेच खोटं माझ्या घशात होतं.

तिसऱ्या दिवशी तुझ्या ओट्यावर बसलो होतो. वच्छलाबाई आली. आता चांगलीच वाकली आहे. आत भाभीजवळ बसून आली, मग माझ्याशेजारी टेकली आणि आपणहून बोलायला लागली.

"मास्तर, माया पोरगा गेला तवा गाडी त्या बाभयीखाली उभी व्हती ना, तवा त्याचं डोक्सं माया मांडीवर व्हतं. मले म्हने, माय, भूक लागली. म्या म्हनलं, घरी गेलो का करून देतो भाकर. तेवढंच बोलनं झालं आमचं. हारूनभाऊनं मले चढू देल्लं म्हनून झालं. म्या एकडाव त्याले म्हनलं बी, तुया लय उपकार हाये बावा. त त्यानं हात जोडले अन् म्हने, माय, पाटा माया कमजोर व्हता, मले माफ कर."

म्हणजे तुझ्याकडे उत्तर होतं. त्या दिवशी पाटा बदलताना तू ते मला ऐकवू शकला असतास आणि मी गप्प झालो असतो. तू ऐकवलं नाहीस, कारण मग तुला पाट्याची चूक झाकल्यासारखं झालं असतं. मी इतकी वर्षं ज्याला भीड समजत होतो ती ही होती. हारून, मी तुझ्यावर अन्याय केला. इतकं सरळ वाक्य मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नसतो.

वच्छलाबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ते सूत्र काढलं. सपाट चारशे मीटरचं सूत्र, ते चौतीसेक किलोमीटरच्या रस्त्याला लावणं अडाणीपणाच आहे, मला माहीत आहे. तरी लावलं. घनमूळ मोठं दयाळू असतं, वजन बरंच वाढलं तरी ते वेळ थोडाच वाढवतं. वर्गात मी हे शेकडो वेळा सांगितलं होतं. भाभी अंगानं केवढीशी, पंचेचाळीस किलोच्या वर नसेल. ती जीपमध्ये बसली असती तर आपल्याला पोचायला तेवीस-चोवीस सेकंद उशीर झाला असता.

तो कागद खिशात घालून मी तुझ्या घरी गेलो. भाभीची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागे पाळायचे ते चार महिने दहा दिवस, सुरू आहे, म्हणून ती दाराच्या पडद्याआड बसली आणि मी बाहेर खुर्चीवर. तिचा चेहरा दिसत नव्हता. युसुफची बायको चहा ठेवून गेली. मी म्हणालो, "भाभी, माझी चूक झाली."

"वेळेसाठी केलं भाईसाब तुमी. त्यायच्यासाठीच केलं." मग तिनं विचारलं, "किती वेळ गेला असता माया बसन्यानं?"

खोटं सांगायचं मनात आलं, पाच मिनिटं म्हणावं. पण आकड्याच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. "चोवीस सेकंद," मी म्हणालो.

"त्यायच्या कानात कलमा पढाले तेवढे लागत नाईत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तो घेऊन घरी गेलो असतो.

मग मीच म्हणालो, "भाभी, शेवटी तो अल्लाचं नाव घेऊन गेला असं मी सांगितलं, ते खरं नाही. त्यानं तुम्हाला विचारलं. मी म्हणालो, समोर बसल्या आहेत. त्यावर तो म्हणाला, गाडी हलकी चालून राहिली."

इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून हरण्याचा आवाज ऐकलेली बाई ती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हनजे त्यायले समजलं, का मी नाई म्हनून."

"हो."

"मी चढून राहिली होती, हे नाई समजलं."

"नाही, भाभी."

"एक पाय ठेवला होता मी."

"हो. मी पाहिला."

"आता कोन सांगन त्यायले?" ती म्हणाली. चहा तसाच ठेवून मी उठलो.

हरण्या गॅरेजसमोर उभा होता. मी मागे जाऊन पाहिलं. पाटीवरचा रंग यंदा पुन्हा उडाला आहे, पण वाचता येतं. रुग्ण व एक नातेवाईक. अक्षर माझंच. माझ्या स्वतःच्या नियमानंसुद्धा एक जागा होती, आणि ती जागा तिची होती. तिथे मी बसलो, गळ्यात घड्याळ घालून.

युसुफकडून पाना घेतला आणि ती पाटी मी काढली. खालची फळी पायांनी झिजून गुळगुळीत झाली आहे. इतक्या माणसांचे पाय. त्यात सगळ्यात शेवटचा तिचा होता.

तू त्या दिवशी आवाज मोजत होतास आणि तुझा हिशेब बरोबर आला. गाडी हलकीच होती. फक्त ती हलकी का होती, ते तुला कळलं नाही, आणि तू मला विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. आता सांगतो. ती घरातून अनवाणी धावत आली होती. दांडी धरली होती, पाय टाकला होता. मी उतरवलं तिला.

भाभी चढली होती, हारून.